अप्यून आणि इम्प्यून : मतावर हल्ला आणि माणसावर संशय

कंदील (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

केंब्रिजच्या जुन्या परीक्षापद्धतीवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणायचं काम सध्या माझ्याकडे आहे. त्यातल्या एका परिच्छेदात दोन क्रियापदं पाठोपाठ आली. एकाचं स्पेलिंग ओ-पी-पी-यू-जी-एन, दुसऱ्याचं आय-एम-पी-यू-जी-एन. मी दोन्हीकडे 'आक्षेप घेणे' लिहिलं आणि पुढे गेलो. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, "लेखकाने दोन शब्द वापरलेत, आपण एकच का?" त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून चार दिवस ह्या पहिल्या शब्दाने माझी पाठ सोडलेली नाही.

आधी उच्चार. मी इतकी वर्षं मनातल्या मनात 'ऑपग्न' म्हणत होतो. खरा उच्चार 'अप्यून', जोर 'प्यून'वर. त्यातला 'जी' लिहायचा पण म्हणायचा नाही. 'साइन' म्हणताना तो गप्प असतो आणि 'सिग्नल' म्हटलं की बोलतो, तसंच हे. म्हणून 'इम्प्यून'मध्ये 'ग' नाही, पण 'रिपग्नंट'मध्ये आहे.

अर्थ : एखादं मत, सिद्धांत, विधान ह्यांच्याविरुद्ध उभं राहणं, त्याला आव्हान देणं. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या धर्मविषयक वादांत तो चांगला चालता होता. आज इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपैकीही बहुतेकांना तो शब्दकोशात बघावा लागेल.

मूळ लॅटिन. 'ऑब' म्हणजे समोरून, विरुद्ध आणि 'पुग्नारे' म्हणजे लढणं. त्याच्याही मागे 'पुग्नुस' आहे, म्हणजे मूठ. वळलेली मूठ. मुष्टियोद्ध्याला लॅटिनमध्ये 'पुगिल' म्हणत, त्यावरून इंग्रजीत 'प्युजिलिस्ट' आला. म्हणजे हा सभ्य, पुस्तकी, धूळ बसलेला शब्द उघडून पाहिला तर आत एक मूठ निघते.

माझा तूर्तास झालेला समज असा : 'अप्यून' करायचं ते मताला. 'इम्प्यून' करायचं ते माणसाच्या हेतूला, प्रामाणिकपणाला, विश्वासार्हतेला. दुसऱ्यासाठी आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, हेत्वारोप. पहिल्यासाठी मी 'खंडन करणे' घ्यायच्या विचारात आहे. जाणकारांनी कृपया तपासून सांगावं. चूक असेल तर स्पष्ट सांगा, मसुदा अजून माझ्याच हातात आहे.

---

रानजाई

छान धागा. वाचनखूण साठवली.

ह्या मुठीचं कुटुंब बरंच मोठं आहे. भाषाशास्त्रज्ञ 'पुग्नुस'च्या मागे टोचणे ह्या अर्थाचा एक फार जुना धातू मानतात. 'पंक्चर', 'पॉइंट', नाकाला झोंबणारा म्हणून 'पंजंट', जिवाला टोचणारा म्हणून 'पॉयन्यंट', सगळी त्याच घरची मुलं. ग्रीकमध्ये ह्याच घरातला 'पिग्मे' म्हणजे मूठ. कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरालाही तोच शब्द, आणि तेवढ्या उंचीची माणसं म्हणून 'पिग्मी'.

एक प्रश्न : आपली 'मुष्टी' ह्याच कुळातली का? मूठ, पुग्नुस, मुष्टी... कानाला जवळचे वाटतात.

---

गोदाकाठ

रानजाई, नाही. मुष्टी वेगळ्या घरची. 'प'चा 'म' असा सोयीने करता येत नाही. कानाला जवळचं वाटणं हा व्युत्पत्तीत सगळ्यात मोठा चकवा.

कंदील, मी संस्कृत शिकवते, तेव्हा माझ्या बाजूने दोन गोष्टी.

'खंडन' हा शब्द 'खंड्' धातूचा. तोडणं, तुकडे करणं. म्हणजे आपल्याही शब्दात हिंसा आहेच, फक्त मूठ नाही, तोडणं आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचं जे रूपक आहे त्यात हातातला परशू म्हणजे तर्क, आणि दुसऱ्या हातातला मोडका दात म्हणजे खंडित झालेलं बौद्धमत. तिथे 'खंडित' हा शब्द दातालाही लागतो आणि मतालाही. आणि त्याच मूर्तीचा शुभ्र दात म्हणजे संवाद. एकाच देहावर परशूही आहे आणि संवादही. मी दर वर्षी वर्गात हे वाचते तेव्हा इथे थांबते.

दुसरं, 'आक्षेप'. 'क्षिप्' म्हणजे फेकणं. आक्षेप म्हणजे कुणावर तरी काहीतरी फेकणं. बाईंनी गोल केलेला तुमचा पहिला शब्द इतका वाईट नव्हता.

---

ऱ्हाइनकाठ

गोदाकाठ ह्यांच्या 'फेकणं'वरून लिहायला बसले. जर्मनीत आले तेव्हा पुढच्या अभ्यासासाठी मला लाटिनुमची, म्हणजे लॅटिनच्या ज्ञानाची, परीक्षा द्यावी लागली होती, आणि त्यात सीझरची युद्धवर्णनं वाचणं आलंच. तिथे हा शब्द पानोपानी भेटतो, पण मतांशी त्याचा काही संबंध नाही. तिथे 'ओप्पुग्नारे' म्हणजे गावावर, तटावर चालून जाणं.

इ.स.पू. ५७ मधला प्रसंग आहे. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या), सीझरच्या बाजूने असलेल्या रेमी लोकांचं बिब्राक्स नावाचं गाव, त्यावर बेल्जी लोक चालून आले. त्यांची तऱ्हा सीझर सांगतो : आधी तटाला सगळ्या बाजूंनी माणसांचा वेढा घालायचा, मग चहूकडून दगडांचा मारा करायचा. तटावरचे रक्षक हटले की ढाली डोक्यावर एकाला एक लावून छत करायचं, ज्याला रोमन 'कासव' म्हणत, आणि त्याच्या आडून दरवाजापाशी जाऊन भिंत पोखरायची. ह्या सगळ्याला त्याने शब्द वापरलाय 'ओप्पुग्नातिओ'. म्हणजे खरोखरीचे दगड फेकणं. आक्षेपच!

आता महत्त्वाचं. बिब्राक्स पडलं नाही. सीझरने रातोरात नुमिदियाचे आणि क्रीटचे तिरंदाज आणि बालेआरिक बेटांवरचे गोफणवाले पाठवले, आणि बेल्जींनी गाव घेण्याची आशा सोडली. हल्ला झाला, गाव हाती लागलं नाही. लॅटिनमध्ये गाव जिंकून घ्यायला वेगळा शब्द आहे, 'एक्स्पुग्नारे'. आणि नुसतं वेढा देऊन बसून राहणं म्हणजे 'ओब्सिदेरे', त्यात बसणंच आहे. बसणं, चालून जाणं, घेणं, तीन क्रियांना तीन शब्द.

म्हणून कंदील, तुमच्या 'खंडन'ला माझा विरोध. खंडन म्हटलं की तुकडे झाले, काम संपलं. 'अप्यून'मध्ये फक्त चालून जाणं आहे. समोरचं मत पडलं की टिकलं ह्याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

---

कंदील

ऱ्हाइनकाठ, हे माझ्या पार नजरेतून सुटलं होतं. तुमचा प्रतिसाद वाचून लेखातलं ते वाक्य पुन्हा काढलं. तिथे विद्यार्थी प्रतिज्ञेवर, म्हणजे वादासाठी मांडलेल्या विधानावर, हल्ला चढवतो आणि प्रतिज्ञा टिकते, असंच आहे. मी 'खंडन केले' लिहिलं असतं तर पुढचं वाक्य उलटंच झालं असतं. "त्याने प्रतिज्ञेचे खंडन केले, पण प्रतिज्ञा अबाधित राहिली." वाचक गोंधळला असता.

---

काळा कोट

जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे तुमचा दुसरा शब्द मी रोज वापरतो. अपिलात ज्या आदेशाविरुद्ध आम्ही जातो त्याला इंग्रजीत 'इम्प्यून्ड ऑर्डर' म्हणतात, आणि मराठी कागदांवर 'आक्षेपित आदेश'. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच तो येतो. उच्चार मात्र कोर्टात बहुतेक जण 'इम्पग्न्ड' करतात. मीही करत होतो, आज कळलं.

इथे ऱ्हाइनकाठ म्हणतात ते तंतोतंत लागू पडतं. आक्षेपित आदेश म्हणजे रद्द झालेला आदेश नव्हे. वरच्या कोर्टाने स्थगिती दिली नसेल तर तो लागूच असतो. पक्षकारांना हे समजावणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. गेल्या वर्षी एक शेतकरी गृहस्थ आले होते. हातातल्या कागदावर 'आक्षेपित आदेश' ह्या शब्दांखाली त्यांनी निळ्या शाईने दोनदा रेघ मारली होती. त्यांना वाटत होतं, आदेशावर आक्षेप आला म्हणजे तो मोडला. मुदत हातची निघून चालली होती. तेव्हा हा फरक शब्दकोशातला बारकावा नाही, त्यावर माणसांची जमीन अडकलेली असते.

पण कंदील, तुमच्या मांडणीत एक अडचण आहे. तुम्ही म्हणता 'इम्प्यून' माणसाला. आमच्याकडे तर तो आदेशाला लागतो, कागदाला. न्यायाधीशांच्या हेतूवर आम्ही काहीच म्हणत नाही, म्हणायचंही नसतं.

---

सरळसोट

काळा कोट ह्यांच्याशी सहमत, आणि पुढे जाऊन म्हणतो की मूळ मांडणीच तपासायला हवी. 'इम्प्यून' चौदाव्या शतकातच इंग्रजीत आहे आणि तेव्हा तो मतांना, कागदांना सर्रास लागत असे. लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' ह्या काव्यात पाद्री क्षमापत्रालाच 'इम्प्यून' करतो. म्हणजे काळा कोट ह्यांचा कागद आणि तो कागद ह्यात सहाशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे आणि वापर तोच. उलट बाजूनेही पाहा. रोमन वक्ता सिसेरो इ.स.पू. ५६ मध्ये एका पत्रात लिहितो की इजिप्तच्या राजाचा दूत अम्मोनिउस आपल्यावर उघडउघड पैशाने हल्ला करतोय, आणि तिथे क्रियापद 'ओप्पुग्नारे' आहे. तो हल्ला माणसांवर आहे, मतावर नाही.

तेव्हा एक मताला आणि एक माणसाला अशी वाटणी मुळात नव्हती. ती नंतर वापरातून पडत गेली. आज इंग्रजी वृत्तपत्रात 'इम्प्यून' दिसला की त्यापुढे बहुतेक वेळा 'मोटिव्ह', 'इंटेग्रिटी', 'कॅरेक्टर' असलं काहीतरी असतं, हे खरं. पण ते आजचं.

आणि मोकळेपणाने विचारतो : जो शब्द इंग्रजांनीच टाकून दिला त्यासाठी आपण इतकं का झिजायचं? 'विरोध करणे' लिहा आणि पुढे चला.

---

कंदील

सरळसोट, वाटणीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी ती मुळापासूनची समजत होतो, ती चूक होती. पण हा लेख आजचा आहे आणि लेखकाने दोन शब्द शेजारी ठेवलेत ते आजच्याच अर्थाने, म्हणून अनुवादात ती वाटणी ठेवणार.

'विरोध करणे'बद्दल मात्र नाही पटत. विरोध मनातल्या मनात असू शकतो, गप्प राहूनही असू शकतो. इथे माणूस उठतो, पुढे होतो, मुद्दा धरून मारा करतो. मला हा फरक मराठीत हवा आहे, कारण तो आपल्याला रोज लागतो. सभेत कुणी म्हटलं की "ह्या ठरावातला तिसरा मुद्दा मला मान्य नाही", तर ऐकणाऱ्याला वाटतं आपला अपमान झाला. माझ्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा आकडा चुकलाय असं मी म्हणालो तर खजिनदार तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी आकड्याबद्दल बोललो होतो, त्यांनी ते स्वतःबद्दल ऐकलं. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत ३५२वा नियम आहे, दुसऱ्या सदस्यावर हेत्वारोप करायचा नाही असा. तिथे नियम करावा लागला, म्हणजे ही रेघ पुसली जाते हे त्यांनाही ठाऊक होतं.

---

मांडवी

आमच्या घरात हा शब्द जिवंत होता. आजोबा पोर्तुगीज काळात गोव्यात वकील होते. त्यांच्या कागदांत 'इम्पुग्नार' आणि 'इम्पुग्नासांव' जागोजागी आहे. पोर्तुगीजमध्ये मुठीला 'पुन्यु' म्हणतात, तोही 'पुग्नुस'चाच वंशज, आणि सदऱ्याच्या बाहीच्या टोकालाही 'पुन्यु'च. आजोबा कोर्टात उभे राहताना आधी दोन्ही बाह्यांची बटणं लावायचे, आजी सांगायची. आज तो एकच शब्द दोन्हीकडे दिसला आणि बरं वाटलं.

अवांतर : वर 'टोचणे'च्या कुटुंबाचा विषय निघालाय म्हणून. ठोसा ह्या अर्थाचा इंग्रजी 'पंच' त्याच लॅटिन कुटुंबातला मानतात. पण पेयाचं नाव असलेला 'पंच' वेगळा. तो आपल्या पाचवरून आला असं परंपरेने सांगतात, कारण त्यात पाच जिन्नस. जॉन फ्रायर ह्या इंग्रज प्रवाशाने १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हे गोव्याकडच्या अर्काबद्दल बोलतानाच लिहिलंय.

---

गोदाकाठ

सरळसोट ह्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर : इंग्रजांनी टाकला असेल, पण तो शब्द आपल्याच घरातली एक जुनी गोष्ट दाखवतो.

'अप्यून'ला एक जोडीदार होता, 'प्रोप्यून'. 'प्रो' म्हणजे च्या बाजूने. मताच्या बाजूने लढणं, राखण करणं. लॅटिनमध्ये तटबंदीला 'प्रोपुग्नाकुलुम' म्हणतात. म्हणजे एक दगड मारणारा, एक तट राखणारा. आपल्याकडचं खंडन-मंडन. इंग्रजीत 'प्रोप्यून' तर पार मेला.

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे तत्त्व कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे जल्पच, पण त्यात स्वतःच्या पक्षाची स्थापना नाही. फक्त समोरच्यावर मारा. आपला 'वितंडवाद' तिथून आला. म्हणजे वितंडेत 'अप्यून' आहे, 'प्रोप्यून' नाही. समोरच्याचा तट फोडायचा आहे, आणि स्वतःचं गावच नाही.

ही 'स्थापना' मुंबईच्या इतिहासातही भेटते. मिशनरी जॉन विल्सन ह्यांच्याशी १८३०-३१च्या सुमारास जाहीर वाद झाले, तेव्हा मोरभट दांडेकर ह्यांनी १८३१ मध्ये पुस्तक काढलं त्याचं नाव 'हिंदुधर्मस्थापना'. नुसता मारा करून ते थांबले नाहीत, नावातच आपली बाजू उभी केली. विल्सन ह्यांनी पुढच्याच वर्षी इंग्रजीत उत्तर छापलं. दोन्ही बाजूंनी कागदावर, नावानिशी.

---

दापोलीकर

केंब्रिजचा विषय आहे आणि अजून रँग्लर परांजप्यांचं नाव कसं नाही?

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आमच्या तालुक्यातल्या मुरडीचे. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. आमच्याकडे 'रँग्लर' हे जणू आडनावापुढचं आडनाव झालं. जयंत नारळीकर १९५९ मध्ये सीनिअर रँग्लर झाले. आमच्या शाळेत भिंतीवर परांजप्यांची तसबीर होती, आणि 'रँग्लर' म्हणजे गणितात पहिला येणारा, इतकंच मास्तरांनी सांगितलेलं. पण 'रँगल' ह्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आहे भांडणं, वाद घालणं! गणिताशी त्याचा संबंध काय, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

जुन्या काळी तिथे लेखी परीक्षा नव्हती, तोंडी वाद होता, तोही लॅटिनमधून. एक विद्यार्थी आपल्या प्रतिज्ञा जाहीर करायचा, बहुधा दोन गणितातल्या आणि एक नीतिशास्त्रातली. त्याला रिस्पाँडंट म्हणत. समोर तीन विद्यार्थी त्याचे ऑपोनंट. ते एकामागून एक हल्ला करायचे, हा आपली जागा राखायचा, आणि वर मॉडरेटर, म्हणजे परीक्षक, बसून ऐकायचे. ह्यात जे तरबेज ते रँग्लर. 'ट्रायपॉस' म्हणजे तिवई, जिच्यावर बसून वाद घालणारा पदवीधर बोलायचा. पुढे लेखी परीक्षा आली, तोंडी वाद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंद पडले, नाव मात्र राहिलं.

ह्यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की ऑपोनंट नेमून दिलेला असे. न्यूटनच्या सिद्धांतावर मारा करणाऱ्या पोराचा न्यूटनवर पूर्ण विश्वास असायचा, आणि काही दिवसांनी तोच रिस्पाँडंट म्हणून तटाच्या आत उभा. त्यामुळे "तू माझ्या वाइटावर आहेस" असं कुणाला म्हणताच येत नसे.

---

कंदील

दापोलीकर, माझा लेख नेमका ह्याच तोंडी वादांवर आहे. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लेखकाने दोन शब्द शेजारी का ठेवले ते आत्ता पुरतं उमगलं. तिथे प्रतिज्ञेवर तुटून पडणं हा रिवाज होता, आणि रिस्पाँडंटच्या सचोटीवर बोट ठेवणं गैर.

आता एक नवी अडचण. रिस्पाँडंट आणि ऑपोनंटला मराठीत काय म्हणू? मी 'वादी' आणि 'प्रतिवादी' योजले होते. प्रतिज्ञा आधी मांडणारा तो वादी, त्याच्यावर बोलणारा प्रतिवादी.

---

काळा कोट

नका करू! कोर्टात नेमकं उलट आहे. वादी म्हणजे दावा लावणारा, चालून जाणारा. प्रतिवादी म्हणजे स्वतःचा बचाव करणारा. मराठी वाचकाच्या डोक्यात तेच पक्कं बसलंय. तुमच्या अनुवादात हल्ला करणारा प्रतिवादी झाला तर निम्मे वाचक पान उलटं धरतील.

---

गोदाकाठ

काळा कोट बरोबर आहेत, जरी शास्त्राच्या दृष्टीने कंदील चुकलेले नाहीत. 'पूर्वपक्षी' पण नको. आपल्याकडे पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजू, सिद्धांत मांडणारा स्वतःच मांडतो आणि स्वतःच उत्तर देतो, तिथे समोर खरा माणूस असेलच असं नाही.

हल्ला करणाऱ्याला 'आक्षेपक' म्हणा. जागा राखणाऱ्याला 'मंडक' म्हटलं तर फार संस्कृत वाटेल. 'प्रतिज्ञाधारक' कसा वाटतो?

---

ऱ्हाइनकाठ

'आक्षेपक'ला माझं +१. त्यात दगड आहे.

---

कंदील

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी मसुदा दुरुस्त केला. 'अप्यून'साठी सगळीकडे 'प्रतिज्ञेवर आक्षेप घेणे', आणि जिथे मारा जोरात आहे तिथे 'आक्षेपांचा मारा करणे'. 'इम्प्यून'साठी 'हेतूवर संशय घेणे', एका ठिकाणी सरळ 'हेत्वारोप'. 'खंडन' फक्त तिथेच, जिथे प्रतिज्ञा खरोखर पडते. अख्ख्या लेखात अशा जागा दोनच निघाल्या. ऑपोनंट झाला 'आक्षेपक'. रिस्पाँडंटसाठी 'प्रतिज्ञाधारक' वाक्यात फार लांब होत होतं, म्हणून 'प्रतिज्ञाकार' केलं.

तपासणाऱ्या बाईंना फोन करून सांगितलं की पहिला 'आक्षेप' तसाच ठेवलाय, दुसरा बदललाय. त्यांनी कारण विचारलं. मी बिब्राक्सची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मग ही गोष्ट तळटीप म्हणून घाला." आता ती तीन ओळींत बसवतोय. गोफणवाल्यांपर्यंत आलोय आणि चौथी ओळ सुरू झालीये.